पीनट बटर ग्रॅनोला सादळतो, चामट होतो, करपतो: दोष कुठे शोधायचा

ग्रॅनोला म्हणजे ओट्स आणि दाण्यांना मध, पीनट बटर लावून ओव्हनमध्ये भाजलेला कुरकुरीत नाश्ता. पण 'ग्रॅनोला बिघडला' एवढ्यावरून काही कळत नाही. नेमकं काय झालंय ते आधी बघा.

१. ओव्हनमधून काढला तेव्हा मऊ होता, म्हणून अजून भाजला आणि तो करपला.
२. पूर्ण गार झाला तरी चामट लागतो, चघळावा लागतो.
३. त्या रात्री मस्त कुरकुरीत होता, तिसऱ्या दिवशी सादळला.
४. कडेचा काळा, मधला ओलसर.
५. पीनट बटरचे गोळे एकीकडे, कोरडे ओट्स दुसरीकडे.
६. गुठळ्या धरतच नाहीत, सगळा भुगा.
७. आठ-दहा दिवसांत खवट वास.

मी डोंबिवलीत राहतो. बायको सकाळी सातच्या आत लोकल पकडते, त्यामुळे घरातला नाश्ता हे माझं खातं. गेली चार वर्षं जवळजवळ दर रविवारी एक ट्रे ग्रॅनोला करतो, आणि वरच्या सातही गोष्टी माझ्या हातून झालेल्या आहेत. तिसरी तर इतक्यांदा, की एका पावसाळ्यात मी नाद सोडून पोह्यांवर परत आलो होतो. आता इमारतीतले लोक डबा दाखवायला येतात, तेव्हा मी ह्याच क्रमाने तपासतो: आधी फुकटातलं, मग थोड्या खर्चाचं, ओव्हन सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलटं करतात. पहिला संशय ओव्हनवर घेतात आणि दोष निघतो झाकणात.

माझं प्रमाण सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. ३०० ग्रॅम जाड ओट्स, १२० ग्रॅम पीनट बटर, १०० ग्रॅम मध (किंवा मध आणि साखर अर्धं-अर्धं), २ मोठे चमचे तेल, मूठ-दोन मूठ सोललेले दाणे, अर्धा छोटा चमचा मीठ, थोडी दालचिनी. १५० अंशांवर २५ ते ३० मिनिटं, मध्ये एकदा हलवायचं.

गार होऊ दिला का?

ही तपासणी फुकट आहे आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. गरम ग्रॅनोला मऊच असतो. मध आणि साखर गरम असेपर्यंत पातळ असतात, गार झाल्यावर काचेसारखी कडक होतात. चिक्की परातीत थापताना कशी वळते आणि दहा मिनिटांनी कशी कट्कन मोडते, अगदी तसंच. चिक्की गरम असताना दाबून 'मऊच आहे, अजून आटवू' असं कोणी म्हणत नाही. ग्रॅनोलाच्या बाबतीत मात्र सगळे म्हणतात, आणि करपवतात.

कळायचं कसं? वेळ संपायच्या पाच मिनिटं आधी ट्रेच्या मधून चमचाभर काढा, स्टीलच्या ताटलीत पसरा, तीन मिनिटं थांबा आणि चावून बघा. ताटली थंड असते, त्यामुळे निकाल लगेच लागतो. कुरकुरला तर ओव्हन बंद. पाकाचा थेंब पाण्यात टाकून बघतात त्याचाच हा भाऊ. मधूनच काढा, कडेचा नमुना नेहमी खोटं बोलतो.

झाकण कधी लावलंत?

बाहेरून गार वाटणाऱ्या ग्रॅनोलाच्या ढिगाच्या पोटात बराच वेळ ऊब असते. त्यातून वाफ निघत राहते आणि बंद डब्यात तीच पाणी होऊन परत ओट्सवर बसते. लावून पंधरा मिनिटांनी झाकण उलटं करून बघा. आतून बोट फिरवल्यावर दमट लागलं तर चोर सापडला. मी ट्रेमध्येच पसरलेला ठेवतो, पंख्याखाली, तास-दीड तास. पावसाळ्यात पंख्याखाली नाही, तर बंद केलेल्या ओव्हनमध्येच, दार बोटभर उघडं ठेवून. जुलैत बाहेरची हवा ट्रेला वाळवत नाही, ट्रेच हवेतलं पाणी पितो.

डबा खरंच हवाबंद आहे का?

'हवाबंद' हा शब्द डब्यांवर फार सैल हाताने छापलेला असतो. माझी परीक्षा पापडाची. उडदाचा एक पापड भाजा आणि दोन तुकडे करा. एक रिकाम्या, कोरड्या डब्यात ठेवून झाकण लावा, दुसरा ओट्यावर उघडा ठेवा. सकाळी दोन्ही मोडून बघा. बाहेरचा वाकला आणि आतला कट्कन मोडला, तर डबा चांगला. दोन्ही वाकले, तर त्या डब्यात ग्रॅनोला काय, चकलीसुद्धा ठेवू नका.

माझ्याकडे चार डबे ह्या परीक्षेला बसले आणि दोन नापास झाले. त्यातला एक सगळ्यात महागाचा, काचेचा, लाकडी झाकणाचा. त्याची रबराची रिंग एका जागी चिरली होती, डोळ्यांना दिसतही नव्हती. पास झाली ती चापाची साधी प्लास्टिक बरणी. लग्नातल्या आहेराचा स्टीलचा डबाही पास झाला असता, पण झाकणाला पोचा आहे.

आणि एक सवय: रोज सकाळी मोठा डबा उघडायचा नाही. आठवड्याचा लहान डबा वेगळा काढायचा. दर उघडण्याला आतली हवा बदलते, आणि चमचा ओला असेल तर मग विचारूच नका.

बेदाणे आत आहेत का?

बेदाणे, खजुराचे तुकडे, जर्दाळू हे सगळे 'सुका मेवा' म्हणवतात, पण त्यांच्यात पाणी असतं. कोरड्याठाक ओट्सशेजारी ते ठेवले की पाणी मेव्यातून ओट्सकडे सरकतं. ओट्स सादळतात, बेदाणे खडे होतात, म्हणजे दोन्हीकडून तोटा. भाजताना घातले तर फुगतात, करपतात आणि कडवट लागतात. म्हणून डब्यात घालूच नका. वाटीत घ्याल तेव्हा वरून घाला. तिसऱ्या लक्षणाची निम्मी प्रकरणं झाकणाची असतात आणि उरलेल्यांपैकी बरीच बेदाण्यांची.

पाकिटं वाचा

ओट्स कोणते आणलेत? दुधात दोन मिनिटांत शिजणारे बारीक ओट्स ग्रॅनोलाला चालत नाहीत. ते पातळ आणि तुकड्या-तुकड्यांचे असतात. मध-तेल-बटरचा पाक चटकन पितात, मग कडेने करपतात आणि मध्ये लापशीसारखे गोळा होतात. पाकिटावर 'रोल्ड' लिहिलेले, अख्खे, चपटे, जाड ओट्स घ्या. मसाला ओट्सबद्दल काही बोलत नाही; एकदा एकाने खरंच वापरले होते.

पीनट बटरच्या बरणीवर घटक वाचा. नुसते दाणे (आणि मीठ) असतील तर वर तेल तरंगतं आणि तळाशी घट्ट चिखल बसतो. तो तळापासून ढवळून घ्यायचा असतो. वरवरचं घेतलं तर पहिल्या ट्रेत नुसतं तेल जातं आणि शेवटच्या ट्रेत सिमेंट. ज्यात वनस्पती तूप आणि साखर घातलेली असते ते वेगळं होत नाही, पण गोड असतं, तेव्हा मध कमी करा, नाहीतर लवकर करपेल.

घरी केलेलं पीनट बटर सगळ्यात छान, पण दाणे नीट भाजलेले हवेत. पुण्याच्या मार्केट यार्डात घुंगरू, स्पॅनिश, जाडा असे दाण्यांचे प्रकार मिळतात. बटरसाठी मला लहान, तेलकट घुंगरू आवडतो. अर्धेकच्चे भाजलेले दाणे मिक्सरमध्ये लगदा होतात, तेल सोडत नाहीत. मंद आचेवर साल हाताने सुटेपर्यंत भाजा, कोमट असतानाच चटणीच्या भांड्यात थांबून-थांबून फिरवा. आधी कूट होईल, मग गोळा, मग अचानक ढिलं पडून वाहायला लागेल. गोळ्याच्या टप्प्यावर सगळे घाबरतात आणि पाणी घालतात. घालू नका. का, ते पुढे.

पाण्याचा थेंब कुठून गेला?

पाचवं लक्षण, म्हणजे पीनट बटरचे गोळे, हे जवळजवळ नेहमी पाण्यामुळे. पहिल्या वर्षी मी मधाऐवजी गूळ वापरायचं ठरवलं. गूळ किसला, लवकर विरघळावा म्हणून पाव वाटी पाणी घातलं, आणि तो गरम पाक पीनट बटरवर ओतला. चमचा दोनदा फिरवला आणि तिसऱ्यांदा फिरेना. रेशमासारखं बटर डोळ्यांदेखत खरबरीत, फुटलेलं, पुरणासारखं घट्ट झालं. मला वाटलं, बटर शिळं निघालं. तसं नव्हतं. पीनट बटर म्हणजे तेलात तरंगणारा दाण्यांचा बारीक कण. त्यात थोडं पाणी पडलं की कोरडे कण ते पाणी धरून एकमेकांना चिकटतात आणि सगळं आवळून बसतं. घाबरून मी आणखी पाणी घातलं, मग ते सैल झालं खरं, पण ते सगळं पाणी ओट्समध्ये गेलं आणि ग्रॅनोलाऐवजी शिरा भाजत बसलो.

उपाय सोपा. पातेलं, चमचा, वाटी, सगळं फडक्याने कोरडं करा. मध आणि तेल आधी मंद आचेवर कोमट करा, गॅस बंद करा, मग बटर घालून ढवळा. गूळच हवा असेल तर पाणी न घालता, चमचाभर तेलात मंद आचेवर वितळवा. चिक्कीचा गूळ घेतलात तर उत्तम. आवळून बसलंच तर पाणी नाही, तेल घाला, चमचा-चमचा.

आता मध की गूळ की साखर. मध हवेतलं पाणी ओढतो, तो त्याचा स्वभावच. गुळाचंही तेच, पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला पाणी सुटलेलं सगळ्यांनी पाहिलंय. साधी साखर त्या मानाने कोरडी राहते. म्हणून जून ते सप्टेंबर मी १०० ग्रॅम मधाऐवजी ५० ग्रॅम मध आणि ५० ग्रॅम साखर घेतो. 'साखर नको म्हणूनच तर ग्रॅनोला करतोय' म्हणणाऱ्यांना माझं इतकंच सांगणं, की मधातही मुख्यतः साखरच आहे. नुसत्या मधाचा करायचा असेल तर जरूर करा, फक्त चार दिवसांत संपेल एवढाच.

ओट्स आधी कोरडे भाजले का?

आई एकदा आठवडाभर राहायला आली होती. माझी ट्रेची खटपट बघून म्हणाली, "अरे, हा तर चिवडाच! मग पोहे उन्हात घातल्याशिवाय कुरकुरीत कसा होईल?" मी मनात हसलो, पण पुढच्या रविवारी नुसते कोरडे ओट्स १५० अंशांवर दहा मिनिटं भाजून घेतले आणि मग पाक लावला. तेव्हापासून दुसरं लक्षण माझ्याकडे फिरकलेलं नाही.

कारण उघड आहे. पाक लागला की ओट्सवर तेल-साखरेचा लेप बसतो आणि आतलं पाणी बाहेर पडायला वेळ लागतो. तोवर लेपातली साखर करपायला लागते. आधी वाळवून घेतले की दुसऱ्या भाजणीला फक्त लेप कडक करायचं काम उरतं. उघडून ठेवलेल्या पाकिटातले ओट्स पावसाळ्यात स्वतःच सादळलेले असतात, त्यांना तर हे हवंच. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, चिवड्याचे पोहे भाजतो तसे: चिमटीत चुरले की पीठ व्हायला हवं.

थर किती जाड?

बोटाच्या एका पेराहून जाड नको. मी एका ट्रेत दोन ट्रेचा माल कोंबायचो आणि मग चौथं लक्षण दिसायचं: कडेला काळा, मध्ये ओला. वाफेला वाट हवी. आपल्या २५-३० लिटरच्या ओटीजीत (घरगुती छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) ३०० ग्रॅम ओट्सचा एक ट्रे नीट होतो. दुप्पट करायचा असेल तर दोन वेळा लावा. कडेचा मध्ये, मधला कडेला, असं एकदाच, पंधराव्या मिनिटाला हलवा.

गुठळ्या हव्या असतील तर त्या हलवण्यानंतर उलथन्याच्या पाठीने घट्ट दाबा आणि मग गार होईपर्यंत हात लावू नका. भुगा होण्याचं कारण नव्वद टक्के चुळबुळ. तरीही धरत नसेल तर पुढच्या वेळी भाजण्याआधी एका अंड्याचा पांढरा फेटून घाला. न खाणाऱ्यांनी दोन चमचे ओट्स मिक्सरमध्ये पीठ करून मिसळावेत. कढईतल्या ग्रॅनोलाला गुठळ्या येत नाहीत, कारण तिथे हलवत राहावंच लागतं. तो सुटाच खायचा.

आता ओव्हन

वरचं सगळं नीट असूनही करपत किंवा कच्चा राहत असेल तर ओव्हनचं बटण खोटं बोलतंय का ते बघा. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा तापमापक मिळतो, पण त्याआधी साखरेची परीक्षा करा. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर घाला. १७५ वर तापलेल्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं ठेवा. वितळली तर ओव्हन बटणावर दाखवतो त्याहून जास्त तापतोय. मग नवी साखर घेऊन १९० वर पंधरा मिनिटं. वितळली नाही तर कमी तापतोय. वितळलेल्या साखरेला बोट लावू नका, ती त्वचेला चिकटून भाजते.

माझा ओटीजी १५० म्हटलं की १७० च्या पुढे जायचा. दुरुस्त केला नाही, बटणावर मार्करने माझी खूण केली. मधला खण वापरा, वरचा आणि खालचा रॉड दोन्ही चालू ठेवा. मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शनवरच, म्हणजे गरम हवेने भाजण्याच्या सेटिंगवर. नुसत्या मायक्रोवेव्हवर पीनट बटर जागोजागी करपतं आणि ओट्स तसेच राहतात.

सादळलेला परत आणता येतो

नुसता सादळला असेल, वास चांगला असेल, तर १२० अंशांवर आठ-दहा मिनिटं, मग पूर्ण गार. एकदाच चालतं, दुसऱ्यांदा केला की दाणे कडू लागतात. चामटच झालेला असेल तर मिक्सरमधून फिरवून खजूर घालून लाडू वळा. आमच्याकडे लाडवांसाठी ग्रॅनोला मुद्दाम बिघडवायची फर्माईश झालेली आहे.

खवट झालेला मात्र परत येत नाही. दाण्यात जवळपास निम्मं तेल असतं. ऊन, उजेड आणि हवा लागली की ते खवट होतं आणि भाजून तो वास जात नाही. गॅसशेजारच्या फळीवर डबा ठेवू नका. ताजे दाणे आणा, आणि जास्त आणले असतील तर फ्रिजमध्ये ठेवा.

इथे थांबा

दाण्यांवर हिरवट-काळी बुरशी, बुरसट वास, सुरकुतलेले दाणे दिसले तर निवडून वापरू नका. दाण्यावरची काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते आणि घरच्या भाजणीने ते जात नाही. पूर्ण पिशवी कचऱ्यात.

ओव्हनला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, भाजताना एमसीबी (वीज आपोआप तोडणारा सुरक्षेचा खटका) पडला, पिन किंवा सॉकेट गरम लागला, रबर जळल्याचा वास आला, किंवा एक रॉड लाल होतच नसेल, तर प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला किंवा कंपनीच्या मेकॅनिकला बोलवा. ओटीजी दीड ते दोन हजार वॅटचा असतो, म्हणजे साडेसहा अँपिअरच्या वरच. तो ६ अँपिअरच्या लहान सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर चालवायचा नाही. १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट आणि अर्थिंग हवंच. पत्रा उघडून रॉड बदलण्याचे व्हिडिओ मीही पाहिलेत. मी उघडलेला नाही.

खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, तर ती दाण्याची अ‍ॅलर्जी असू शकते. घरगुती उपाय करत बसू नका, थेट रुग्णालय. दुसऱ्यांच्या मुलांना वाटी देण्याआधी आईवडिलांना विचारा. आणि मध घातलेलं काहीही एक वर्षाच्या आतल्या बाळाला नाही.

शेवटचं, विकायचा विचार असणाऱ्यांसाठी. घरी दहा दिवस टिकला म्हणून पाकिटावर 'दोन महिने' छापू नका. किती दिवस टिकतो हे अन्नपदार्थ तपासणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडूनच तपासून घ्या, आणि अन्नसुरक्षेची नोंदणी त्याआधी.